अकरा गोधड्या प्रगतीपथावर

आमच्या घरात अकरा गोधड्या चालू होत्या आणि आम्ही दोघं विकतच्या ब्लँकेटांखाली झोपत होतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवायला लागले की माझंही नाव त्या यादीत धरता येईल.

मला सुरुवात करायला आवडतं. पडदा विरला, शर्टाची कॉलर गेली, उशीचा अभ्रा फाटला की माझे हात शिवशिवायला लागतात. कात्री घेऊन बसते, चौकोन कापते, ते जमिनीवर मांडते, निळ्याशेजारी पिवळा ठेवते, पिवळा उचलून करडा ठेवते, आणि दोन-तीन आठवडे कसे निघून जातात ते कळत नाही. मग टाके घालायची वेळ येते. टाके म्हणजे तेच ते, सुई खाली, सुई वर. नेमका तेव्हाच दुसरा कुठलातरी पडदा विरतो.

माझी मोठी बहीण, ताई, हिनं चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई अठराची. त्यानंतर माझं सगळं तिनंच केलं: वेण्या, अभ्यास, ताप, रागावणं. रागावणं जरा सढळ हातानं केलं. माझा एकही टाका तिला आजवर पसंत पडलेला नाही. "हा टाका आहे की उडी?" असं ती विचारायची, आणि उसवायला लावायची. पण हिवाळ्यात आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो तेव्हा सकाळी सगळं पांघरूण माझ्या अंगावर असायचं आणि ताई कडेला पाय पोटाशी घेऊन पडलेली असायची. ते मी ओढून घेतलेलं असायचं की ती देऊन टाकायची, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला भीती वाटायची.

तर एकदा दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही चहा पीत बसलो होतो. ती म्हणाली, "मुलगा म्हणतोय, हे घर विकून टाकू, माझ्याकडे ये. नऊ महिन्यांनी नेणारेय. तिकडे थंडी हाडात शिरते म्हणे."

तिचा मुलगा इतक्या लांब राहतो की तिथून माणसं फोटोतच येतात.

"तू मला एक गोधडी दे," ताई म्हणाली.

"एक कशाला? अकरा आहेत."

"अकरा काय आहेत? चिंध्यांची अकरा गाठोडी आहेत. मला अंगावर घेता येईल अशी एक दे. जड दे. दुकानातल्या त्या फुगलेल्या रजया अंगावर आहेत की उडून गेल्या, तेच समजत नाही. आणि नवं कापड घालायचं नाही. बोटभर सुद्धा नाही."

हा तिचा शाळेतला नियम. नवं कापड पहिल्याच धुण्यात आटतं, जुनं आटून बसलेलं असतं, मग नवं जुन्याला ओढतं आणि सगळी गोधडी गोळा होते. चौतीस वर्षांत तिनं नव्या कापडाच्या किती गोधड्या मुलींना परत उसवायला लावल्या असतील, देव जाणे.

"मी आता शहात्तरची," ती कप विसळता विसळता म्हणाली. "तिकडून काही परत यायची नाही मी. तेव्हा पुरी झालेली दे, धाकटे. एक तरी पुरी कर." शिलाईचं माप सांगावं तशा आवाजात तिनं हे सांगितलं. मी घरी येईपर्यंत रडले नाही, घरी आल्यावर रडले, आणि कशासाठी रडते ते नवऱ्याला सांगून बसले. चूक तिथे झाली.

आमचे हे नियोजन खात्यातून निवृत्त झाले. एकतीस वर्षं नोकरी. त्यातली एकोणीस वर्षं यांच्याकडे एका पाण्याच्या टाकीचं काम होतं. त्या टाकीचा दर तीन महिन्यांनी अहवाल जायचा आणि प्रत्येक अहवालात एकच वाक्य असायचं: काम प्रगतीपथावर आहे. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी आपली फाईल पुढच्या साहेबांच्या हातात दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाकी अजून त्या पथावरच आहे. ऑफिसातले लोक यांना साहेब म्हणायचे. मी सुद्धा म्हणते, पण माझ्या म्हणण्यात आणि त्यांच्या म्हणण्यात फरक आहे.

"तुझ्या कामात अडचण कसली आहे माहितीये?" साहेब म्हणाले. "सातत्य नाही. तू झटके देतेस. झटक्यानं काही होत नाही."

"मग कशानं होतं?"

"दर आठवड्याला थोडं थोडं. ठरवलेलं. तेवढंच." आणि त्यांच्या डोळ्यांत अशी चमक आली की निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मी ती पाहिली नव्हती. मला बरं वाटलं. माणूस सकाळपासून खिडकीत बसून समोरच्या इमारतीत कोण किती वाजता बाहेर पडतं ते बघत बसायचा. त्याला काम मिळालं म्हणून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकराही गोधड्या बाहेर काढायला लावल्या. प्रत्येकीला क्रमांक दिला. ताईची, म्हणजे करड्या-निळ्या चौकोनांची, जी मी तिच्यासाठी मनात धरली होती, तिला सातवा क्रमांक मिळाला. मी म्हटलं, तिला पहिला द्या. तर म्हणाले, क्रमांक कपाटातल्या जागेप्रमाणे दिलेत, भावनेप्रमाणे नाही.

मग टक्के ठरले. तुकडे कापण्याचे वीस. तुकडे जोडून वरची बाजू करण्याचे चाळीस. आतले थर घालून खालचं अस्तर लावण्याचे दहा. सगळ्या थरांतून टाके घालण्याचे पंचवीस. काठाचे पाच. अकरा गोधड्यांची सरासरी काढली तेव्हा ती अठ्ठावीस आली. "दर आठवड्याला दोन टक्के," साहेब म्हणाले. "छत्तीस आठवड्यांत शंभर. ताई निघायच्या तीन आठवडे आधी काम पूर्ण."

ऐकायला इतकं गोड होतं की मी हिशोबात डोकंच घातलं नाही.

तक्ता लावायला आधी त्यांनी कागद आणले, पण एवढ्या मोठ्या भिंतीवर कागद टिकेनात, खाली यायला लागले. मग कपाटातली आमची जुनी पांढरी डबल बेडशीट काढली, न पुसणाऱ्या जाड पेनानं तिच्यावर रेघा मारल्या आणि बैठकीच्या खोलीत खिळ्यांनी ठोकली. आडव्या बाजूला आठवडे, उभ्या बाजूला गोधड्या, वरती मोठ्या अक्षरांत सरासरी. आमच्याकडे पाहुणा आला की आधी टक्के बघायचा आणि मग पाणी मागायचा.

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता जेवणाच्या टेबलावर आढावा बैठक. टेबलाच्या त्या बाजूला साहेब, या बाजूला मी. मी उठून चहा टाकायला गेले तर "अगं, बैठक चालू आहे" असं म्हणायचे, आणि चहा आला नाही तर बैठक पुढे सरकायची नाही. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवायचे. माझ्या सह्या घ्यायचे. एकदा मी सही करताना तारीख चुकवली, तर मला ती खोडून परत लिहायला लावली आणि खोडलेल्या जागी आणखी एक सही घेतली.

हसू नका. मला ते आवडायला लागलं होतं.

चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कामाला या माणसानं आकडा दिला नव्हता. मी चार माणसांचं केलं, दोन आजारपणं काढली, तीन घरं बदलली, कुणी म्हटलं नाही की झालं एवढं टक्के. आता दर शनिवारी दोन टक्के मिळत होते. तक्त्यावर रेघ वर चढत होती आणि साहेब शेजारच्यांना आत बोलावून दाखवत होते, "ही बघा, एकदम सरळ रेघ. कुठे खड्डा नाही, कुठे टेकाड नाही." शेजारी मान हलवायचे. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण सगळ्या गोधड्या बरोबरीनं पुढे जायला हव्यात, असा साहेबांचा आग्रह होता. एक पुढे आणि दहा मागे, हे त्यांना अव्यवस्थित वाटायचं. म्हणून मी सोमवारी पहिलीला चार तुकडे जोडायची, मंगळवारी दुसरीला आणि तिसरीला, असं करत आठवडाभर अकरा जणींना भरवत फिरायची. ताईच्या वाट्याला आठवड्यातून एक दुपार यायची, ती सुद्धा गुरुवारची, आणि गुरुवारी दुपारी हमखास कुणीतरी घरी यायचं.

नवव्या आठवड्यात मला राहवलं नाही. ताई आदल्या दिवशी येऊन गेली होती. जिना चढताना दोनदा थांबली होती. मी सगळं बाजूला सारलं आणि चार दिवस फक्त सातव्या क्रमांकाला धरून बसले. करडा, निळा, करडा, निळा. बोटं दुखली, पण हात थांबत नव्हता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा टाक्यांचा कंटाळा आला नाही. चार दिवसांत तिचे अकरा टक्के झाले.

शनिवारी साहेबांनी टेप आणून मोजलं, तुकडे मोजले, चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"काम आहे."

"हे टेकाड आहे," ते म्हणाले. "बाकीच्या दहांना तू हातही लावला नाहीस. आता मी इथे काय लिहू?"

"अकरा लिहा."

"एका जागी अकरा आणि दहा जागी शून्य? सगळी रेघ बिघडेल. अगं, सावकाश होऊ दे. घाई केली की दर्जा घसरतो." मग त्यांनी बराच वेळ आकडेमोड केली आणि तोडगा काढला. सातव्या गोधडीचे दोन टक्के या आठवड्यात दाखवायचे, उरलेले नऊ पुढच्या आठवड्यांत थोडे थोडे दाखवायचे, आणि ते दाखवून संपेपर्यंत मी सातवीला हात लावायचा नाही.

आणि मी लावला नाही. हे मला सांगायलाच हवं. मी अक्कल गहाण टाकून त्या इतिवृत्तावर सही केली, सातवी गोधडी घडी घालून कपाटात ठेवली, आणि पाच आठवडे दाराआडून ती माझ्याकडे बघत होती. माझी बहीण जिन्यात थांबायला लागली होती आणि मी रेघ सरळ ठेवत होते.

सतराव्या आठवड्यात सरासरी बासष्ट झाली. अकराही गोधड्यांच्या वरच्या बाजू जोडून झाल्या होत्या, त्याचे साठ. वरचे दोन टक्के साहेबांनी कशाचे दिले ते ऐका: आतल्या थरांबाबत आमच्या दोघांत विचारविनिमय झाला, त्याचे. बासष्ट टक्के काम झालेल्या अकरा गोधड्या घरात होत्या आणि त्यांतली एकही झुरळाच्या अंगावर घालायच्या कामाची नव्हती. वरची बाजू म्हणजे नुसता एक पातळ, जोडलेला कपडा. उजेडात धरला तर आरपार दिसायचं.

त्याच शनिवारी, बैठक चालू असतानाच, ताईचा फोन आला.

"धाकटे, घराचं गिऱ्हाईक लवकर आलं. त्यांना लगेच हवंय. पुढच्या सोमवारी सकाळी मुलगा न्यायला येतोय."

"पुढच्या म्हणजे, परवा?"

"परवा कसं येईल? त्याच्या पुढच्या. नऊ दिवस आहेत." मग म्हणाली, "गोधडी नसेल झाली तर राहू दे. मला माहीतच होतं."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्यांची मला सवय आहे. पण ती हे अगदी मऊ आवाजात म्हणाली, माझी सुटका केल्यासारखी.

मी फोन ठेवून साहेबांना सांगितलं. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं.

"उरलेल्या एकोणीस आठवड्यांचं नियोजन नऊ दिवसांत बसत नाही," ते म्हणाले. "त्यांना कळवू आपण. कुरियरनं पाठवता येईल. काम तर प्रगतीपथावर आहेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "टाकी पाठवलीत का कुरियरनं?" मी विचारलं. "एकोणीस वर्षं लोक बादल्या घेऊन उभे राहिले, त्यांना काय पाठवलंत? रेघ पाठवलीत?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. इतिवृत्ताच्या वहीवर हात ठेवून बसून राहिले. हे बोलायला नको होतं, हे मला बोलता बोलताच कळलं, पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि मला वेळ नव्हता.

मी सातवी गोधडी बाहेर काढली. आतल्या थरांना जुनं कापड हवं होतं. कपाटं उपसली, माळा उपसला, साहेबांचे शर्ट तपासले. काही नाही. घरातलं सगळं जुनं कापड मी गेल्या सहा वर्षांत चौकोन करून अकरा ठिकाणी वाटून टाकलं होतं. बाजारात कापडाची दुकानं ढिगानं होती, पण सगळं नवं. ते ताईला हात लावताच कळलं असतं.

मग मी दुसरी गोधडी उचलली. पिवळ्या त्रिकोणांची. दीड वर्ष मी ते त्रिकोण जुळवत होते. ती पसरली आणि तिच्यावर सातवी अंथरली. नीट बसली. मग पाचवी आणली. आठवी, दहावी. एकेक पसरताना जीव तुटत होता, कारण प्रत्येकीची सुरुवात मला आठवत होती, कुठला पडदा, कुठला अभ्रा, कुठली खुशी. चौघीजणी सातवीच्या पोटात गेल्या. आता त्या कुणालाही दिसणार नव्हत्या. पण जड झाली. चांगली घसघशीत जड झाली.

आता एकच राहिलं होतं, खालचं अस्तर. त्याला एकसंध, मोठं, जुनं कापड लागतं. असं कापड घरात एकच उरलं होतं आणि ते भिंतीवर होतं.

मी स्टूल ओढलं, पक्कड घेतली आणि पहिला खिळा काढला.

"तो तक्ता आहे," साहेब मागून म्हणाले.

"ती चादर आहे."

"सतरा आठवड्यांचं काम आहे त्याच्यावर."

"काम तिकडे जमिनीवर पडलंय, साहेब. हे त्याचं नाव नुसतं." दुसरा खिळा निघाला. एक कोपरा खाली आला आणि बासष्टचा आकडा वाकडा झाला. मला वाटलं, आता हे ओरडतील. मी तयारच होते. पण ते पुढे आले आणि चादर जमिनीला लागू नये म्हणून त्यांनी खालून धरली. उरलेले खिळे मी काढेपर्यंत तशीच धरून उभे राहिले.

जमिनीवर पसरताना त्यांनी एवढंच विचारलं, "अक्षरं आत घालायची की बाहेर?"

आत घातली असती तर त्यांची लाज झाकली गेली असती. मी क्षणभर विचार केला. "बाहेर," मी म्हटलं. एवढी काही मी भली बाई नाही.

पुढचे आठ दिवस मी फक्त टाके घातले. सहा थरांतून, त्यात जोडांच्या शिवणी एकावर एक आलेल्या, सुई शिरायला तयार नाही. पाच सुया मोडल्या. मधल्या बोटाला भोक पडलं, त्यावर पट्टी, पट्टीवर शिवणाची धातूची टोपी, आणि परत सुई खाली, सुई वर. दुपारी उजेड असेपर्यंत खिडकीशी, साहेब बसायचे त्या जागी. साहेब स्वयंपाकघरात गेले. पहिल्या दिवशी त्यांनी भात लावला आणि तो खालून करपला, वरून कच्चा राहिला. मी विचारलं, किती टक्के शिजलाय. ते म्हणाले, सरासरी बरी आहे. आठ दिवसांत आम्ही हसलो ते तेवढं एकदाच.

मात्र एक गोष्ट त्यांनी केली. माझ्या डोळ्यांना सुईत दोरा ओवायला फार वेळ लागतो, हे त्यांनी पाहिलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी माझ्या शेजारी बसायचे आणि बारा सुयांत दोरा ओवून, सगळे दोरे एकाच लांबीचे कापून, एका उशीवर ओळीनं टोचून ठेवायचे. ओळ अगदी सरळ. त्याबद्दल मी त्यांना काही म्हटलं नाही आणि त्यांनीही कुठे लिहून ठेवलं नाही.

रविवारी दुपारी साडेतीनला सगळे टाके संपले, काठ तीन बाजूंनी दुमडून झाला, चौथ्या बाजूचाही झाला, फक्त एका कोपऱ्याशी वीतभर राहिला. पाव तासाचं काम. मी सुई तिथे टोचून ठेवली आणि चहा करायला उठले. चहा झाल्यावर झाडांना पाणी घातलं. मग डबे पुसले. पुसलेलेच डबे होते. साहेबांनी दोनदा गोधडीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते खिडकीत जाऊन बसले. ती वीतभर जागा शिवून झाली की ताई जाणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. चौसष्ट वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण बसलं होतं. माझ्या बाकीच्या दहा गोधड्या का राहिल्या, त्याचा सुद्धा याच्याशी काही संबंध असेल तर असो. मी त्यात शिरत नाही.

सोमवारी सकाळी भाच्याची गाडी खाली उभी राहिली. ताई एकटीच वर आली. आमच्या जिन्यात तीनदा थांबली, मी दारातून मोजलं. आत येऊन खुर्चीत बसली, धाप जाऊ दिली, आणि हात पुढे केला. "दाखव."

मी गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. ती वजनानंच थोडी खाली गेली.

"जड आहे," ताई म्हणाली.

"तूच म्हणाली होतीस."

तिनं कापड बोटांत धरून चोळलं. नवं नाही, हे तिला लगेच कळलं. टाक्यांवरून अंगठा फिरवला. उडी म्हणाली नाही. मग गोधडी उलटी केली आणि चष्मा लावून वाचायला लागली. आठवडा पहिला, तीस. आठवडा दुसरा, बत्तीस. गोधडी क्रमांक सात. सरासरी बासष्ट. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"बरं झालं," ताई म्हणाली. "तिकडे मला वाचायला काही नव्हतंच."

मग तिनं काठ तपासायला घेतला. परीक्षेत मुलींनी शिवलेले कपडे तपासायची तसा, दोन बोटांत धरून, न बघता, भोवताली फिरवत. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला बोटं पुढे सरकली आणि कोपऱ्याशी थांबली. तिथे सुई होती, सुईत दोरा होता.

"हे काय?"

"राहिलं," मी म्हटलं. "विसरले."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. खालून हॉर्न वाजला. सहा वर्षांची असल्यापासून मी त्या नजरेपुढे खोटं बोलत आले आहे आणि ते एकदाही पचलेलं नाही.

"बस," ती म्हणाली. "पुरी कर. मी थांबते."

मी तिच्या पायांशी जमिनीवर बसले. अर्धी गोधडी तिच्या मांडीवर, अर्धी माझ्या. सुई खाली, सुई वर. वीतभर जागेत माणूस किती टाके घालू शकतो, ते मला त्या दिवशी समजलं. मी तांदळाच्या दाण्याएवढे टाके घातले. मग त्याच्याहून लहान. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांब. भाचा खालून ओरडला, "आई, विमान चुकेल!"

साहेबांच्या मनगटावर घड्याळ असतं. चाळीस वर्षांत मी त्यांना कुठे पाच मिनिटं उशीर करताना पाहिलेलं नाही, आणि दुसऱ्यानं केलेला त्यांना सोसत नाही. ते खिडकीतून खाली वाकले आणि भाच्याला म्हणाले, "सावकाश होऊ दे रे. घाई केली की दर्जा घसरतो."

मी मान वर केली नाही. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं आणि एक टाका वाकडा गेला. ताईनं तो पाहिला. उसव म्हणाली नाही.

"आज फार बारीक घालतेस टाके," ती म्हणाली.

"हो."

"घाल," ती म्हणाली, आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला.

मग जागा संपली. मी गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.